हेमासाठी पिवळा होस्टा

हेमा, तुझ्या नावाने लावायचं रोप निवडण्याचं काम माझ्याकडे आलं. मोठा, पिवळा होस्टा. ठराव एकमताने झाला. आपल्या मंडळात एकमत व्हायला कुणाला तरी मरावं लागतं, हे तुझ्यामुळे कळलं.

तू गेलीस त्याच्या बाराव्या दिवशी झूमवर मीटिंग झाली. वीसएक चौकोन होते, त्यातल्या निम्म्यांत नुसतं छत आणि पंखा. "हेमाताईंच्या स्मृती चिरंतन राहाव्यात, या उद्देशाने आज आपण जमलो आहोत," असं म्हणून अध्यक्ष श्रीकांतने सुरुवात केली आणि पुढचा पाऊण तास स्मृती कशावर जास्त टिकतात यावर चर्चा झाली. बाक ठेवायचा तर सिटीची परमिशन लागते. झाड लावलं तर मुळं पाइपात शिरतात. मग कम्युनिटी सेंटरच्या मागच्या दारापाशी एखादं झुडूप लावावं, इथवर गाडी आली. कुठलं झुडूप, यावर तुळशीपासून जास्वंदीपर्यंत एक फेरा झाला. आपल्या या बॉथेल गावच्या थंडीत यातलं काहीच जगत नाही, हे कुणी बोलेना. शेवटी सांता क्लाराहून तुझी सई बोलली.

"आईला एक मोठा यलो होस्टा हवा होता. लास्ट इयरपासून. तिच्या फोनमध्ये फोटो आहे, आय कॅन सेंड इट."

लगेच सगळ्या चौकोनांत अंगठे उमटले. मी म्यूटवर होते, हे बरं झालं.

मग पाटीवर काय लिहायचं ते निघालं. "प्रेमळ, मनमिळाऊ, हसतमुख" हे तीन शब्द मंजूर झाले. सकाळचा दुसरा चहा होईपर्यंत तू यातलं काहीही नसायचीस, आणि चहानंतरही मनमिळाऊ कधीच नव्हतीस. मला त्याचंच बरं वाटायचं. पाटी मराठीत लिहिली तर इथल्या लोकांना कळणार नाही आणि इंग्रजीत लिहिली तर आपल्या मुलांना कळेल, असा पेच पडला. दोन्हीत लिहायचं ठरलं.

"नंदाताई, झाडाचं तुम्ही बघा," श्रीकांत म्हणाला. "तुमची मैत्रीण, तुम्हाला बागेतलं कळतं. आणि त्या दिवशी तुमचा तो अळूवड्यांचा लेख वाचायचा हं. किती हसलो होतो आपण! हेमाताई स्वतः सगळ्यात जास्त हसायच्या."

मी म्यूट काढून "हो" म्हटलं. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं.

ज्यांना तो लेख माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हा मजकूर तुला लिहिलेला असला तरी छापून येणार आहे आणि तो त्या लोकांपर्यंत जाणं हाच त्याचा उद्देश आहे. होस्टा म्हणजे इथल्या प्रत्येक घराच्या सावलीत असणारं पानांचं झुडूप. फूल नावापुरतं. पान तळव्यापेक्षा मोठं, देठ लांब, शिरा उठून आलेल्या. महाराष्ट्रातून नवीन आलेला माणूस पहिल्याच मे महिन्यात शेजाऱ्याच्या अंगणात ते बघतो, थबकतो आणि विचारतो, "हे अळू का हो?" आपल्यातला एकही माणूस या प्रश्नातून सुटलेला नाही.

नऊ वर्षांपूर्वी मंडळाच्या महाराष्ट्र दिनाला तू दोन मोठे ट्रे भरून अळूवड्या आणल्या होत्यास. त्या आठवड्यात इंडियन स्टोअरमध्ये अळू आलेलंच नव्हतं, म्हणून मी ताटापाशीच विचारलं, "हेमा, पानं कुठली गं?"

"घरची," तू म्हणालीस आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिलीस.

लोक तुटून पडले. "अजिबात खाजत नाही!" "हे खरं कोकणातलं अळू!" श्रीकांतने माइक घेऊन तुझ्या चिपळूणचा आणि तिथल्या मातीचा उद्धार केला. उद्धार इथे चांगल्या अर्थाने. तू शांतपणे ट्रे पुसत होतीस.

दुसऱ्या दिवशी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसलं. आपल्या दोघींच्या मधल्या कुंपणाला लागून तुझे हिरवे होस्टे होते, ते पार भादरलेले. नुसते देठ उभे. मी तिथेच उभी राहून हसले. मग आत जाऊन वही काढली.

तुझं दार पंचवीस पावलांवर होतं. मी विचारायला आले नाही. मे, जून, जुलै मी तो लेख घोटत बसले. आपल्या अंगणातल्या शोभेच्या झाडाला अळू समजून तळणारी आणि सबंध समाजाला खायला घालणारी एक गृहिणी. ती खाऊन कोकणच्या मातीला गहिवरणारे आपण सगळे. मंडळाच्या दिवाळी अंकात छापून आला. तुझं नाव नव्हतं. इथे तेवढ्या वड्या करणारी दुसरी कुणी नव्हती, त्यामुळे नाव घालायची गरजच नव्हती. लेख गाजला. नाशिकहून माझ्या भावाचा फोन आला. आयुष्यात पहिल्यांदा लोक मला पार्किंग लॉटमध्ये थांबवून "तुम्हीच का त्या?" असं विचारू लागले. मला ते फार आवडलं. ते इथे लपवून उपयोग नाही.

तुला मात्र त्याच पार्किंग लॉटमध्ये वेगळा प्रश्न यायचा. "काय हेमाताई, आज कुठल्या झाडाच्या?" तू हसायचीस. सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त वेळ. श्रीकांतचं ते निरीक्षण बरोबर आहे. आणि त्यानंतर मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाच्या यादीत तुझ्या नावापुढे एकच गोष्ट असायची: पेपर प्लेट आणि बर्फ. सबंध बॉथेलमध्ये जिच्या हाताला चव होती ती बाई नऊ वर्षं प्लेट आणि बर्फ आणत राहिली आणि एकालाही ते विचित्र वाटलं नाही. मला वाटलं. एकदा गाडीत म्हटलंही होतं.

"तू वड्या करत नाहीस हल्ली."

"तळलेलं कोण खातंय आता? सगळे कोलेस्टेरॉलवाले."

"तरी पण."

"डावीकडे वळ, नाहीतर फ्रीवेवर जाशील."

विषय संपला. मी डावीकडे वळले. तेव्हा ते सोयीचं वाटलं होतं.

लेख आल्यानंतरच्या वसंतात तू कुंपणालगतचे होस्टे मुळासकट काढून टाकलेस. "शंखाशिवायच्या गोगलगायी फार झाल्यात," असं कारण दिलंस. ती पट्टी तशीच उघडी राहिली. तुझा नवरा अविनाश वारला, सई कॅलिफोर्नियाला गेली, तरी तिथे तू काही लावलं नाहीस. आणि मग गेल्या वर्षीच्या मेमध्ये आपण नर्सरीत गेलो होतो. मला टोमॅटोची रोपं हवी होती. तू सावलीतल्या झाडांच्या रांगेत जाऊन उभी राहिलीस. सापडलीस तेव्हा तुझ्या हातात ती कुंडी होती. मोठा, पिवळाधमक होस्टा.

"कसा आहे?"

"आजारी दिसतोय," मी म्हटलं. "रोज सकाळी आपण पिवळी पानं खुडून टाकतो आणि तू पिवळं झाड विकत घेतेस."

"पिवळा नाही गं, सोनेरी. हा असाच असतो."

"लोह कमी पडलंय त्याला."

"तुला ना, प्रत्येक गोष्टीत रोग सापडला की बरं वाटतं." तू हसत होतीस. कुंडी तशीच छातीशी धरलेली. "कुंपणाजवळ छान दिसेल. कोपरा उजळेल."

इथे थांबले असते तर ते नेहमीसारखं भांडण झालं असतं, गाडीत विसरून गेलो असतो. पण मला एक वाक्य सुचलं आणि सुचलेलं वाक्य मला गिळता येत नाही.

"घे, घे. रंग आधीच आहे, वड्यांना हळद लागणार नाही."

तू हसलीस. मग कुंडी खाली ठेवलीस, जिथून उचलली होतीस बरोबर तिथेच, लेबल समोर करून. म्हणालीस, "टोमॅटो घेतलेस? चल." त्या झाडाचा फोटो तू कधी काढलास, मी बघितलं नाही. ऑक्टोबरमध्ये तुझ्या तपासण्या सुरू झाल्या. त्यानंतर बागेचा विषय निघाला नाही.

आता सईचं सांगते. मीटिंगनंतरच्या आठवड्यात ती तुझं घर आवरायला आली. मी डबा घेऊन गेले. तिने कपाटातल्या बरण्या टेबलावर मांडल्या होत्या आणि ती एकेकीचं झाकण उघडून वास घेत होती. मी म्हटलं, श्रीकांतला तो लेख वाचून हवाय, तुला चालेल ना?

तिने बरणी खाली ठेवली. "मावशी, यू नो दॅट शी न्यू, राइट?"

"काय?"

"की ते होस्टा होतं. ऑफ कोर्स शी न्यू! तिच्या ऑफिसमध्ये एक जपानी लेडी होती. ती म्हणाली, आमच्याकडे स्प्रिंगमध्ये कोवळा होस्टा खातात. आईने आधी घरी चार वेळा ट्राय केलं. आय वॉज द गिनी पिग. मी सतरा वर्षांची होते, मला वाटलं आय विल डाय."

"मग तिने सांगितलं का नाही?"

"शी वॉज वेटिंग फॉर यू." सईने हे अगदी साधेपणाने सांगितलं, हवापाणी सांगावं तसं. "इट वॉज अ जोक, मावशी. फॉर यू. ती म्हणायची, बाकी कुणाला कळणार नाही, पण नंदा खिडकीतून बघेल आणि धावत येईल. सगळा समर ती वाट बघत होती. मग ते मॅगझिन आलं."

मी समोरच्या बरणीचं झाकण लावलं. नंतर विचारलं, नऊ वर्षं का गप्प बसली? सईला सांगायचं नव्हतं. मी पुन्हा विचारलं.

"मी तिला सांगितलं होतं, टेल एव्हरीवन. ती म्हणाली, नको. मग नंदा मूर्ख दिसेल. ती म्हणाली..." आणि हे वाक्य तुझ्या पोरीने स्वच्छ मराठीत म्हटलं, बहुधा तुझ्याच तोंडून अनेकदा ऐकलेलं. "'राहू दे. तिच्याकडे तेवढंच आहे.'"

हेमा, याला काय म्हणायचं? तू मला माफ केलंस की माझी कीव केलीस? माफी मी घेतली असती, तिचा राग आला असता तरी घेतली असती. पण तेवढंच आहे? सव्वीस वर्षं कुंपणापलीकडून माझ्याकडे बघून तू हा हिशोब मांडलास? आणि मांडलास तर तोंडावर का नाही मांडलास? आपण कधी एकमेकींना सोडलंय? मी तुला त्या दिवशी नर्सरीत बोलले तेव्हा कुंडी माझ्या डोक्यात का नाही घातलीस? तू हसलीस. तू दर वेळी इतकी छान हसलीस की मी नऊ वर्षं चुकीच्या गोष्टीवर खूश राहिले. हा तुझा चांगुलपणा असेल तर तो फार दुष्ट चांगुलपणा आहे. भांडायला माणूस लागतं, आणि तू बरोबर त्याच वेळी निघून गेलीस.

आणि आता माझं. सईने सांगितलेलं सगळंच मला नवं नव्हतं. मी इथे नवीन आले होते तेव्हा तुझ्याच अंगणात उभी राहून मी विचारलं होतं, "हे अळू का?" आणि तू म्हणाली होतीस, "नाही गं बाई, होस्टा म्हणतात त्याला." म्हणजे लेखातल्या गृहिणीला ते झाड ओळखता येत नव्हतं, हे शक्यच नव्हतं. ते झाड मला तिनेच ओळखायला शिकवलं होतं. लेख लिहिताना मला हे आठवत होतं का, असं मी गेले तीन आठवडे स्वतःला विचारते आहे. आठवत होतं. पहिल्या खर्ड्यात एक ओळ होतीसुद्धा. पण ती घेतली की लेख लंगडा व्हायचा, म्हणून काढली. वाक्यं कापण्यात मी तरबेज आहे असं सगळे म्हणतात.

कार्यक्रमाच्या आधीच्या गुरुवारी मी रोप आणायला गेले. पिवळे होस्टे तीन जातींचे होते. नावं अशी की जणू शर्यतीचे घोडे: एक सम्राट, एक सूर्य, एक काहीतरी वैभव. मी प्रत्येकाचं पान उलटून बघत होते. विकणारी बाई माझ्याच वयाची होती. तिने विचारलं, कशासाठी हवंय? मी म्हटलं, मैत्रिणीच्या आठवणीसाठी. "ओह, तिला होस्टा आवडायचे?" मी म्हटलं, ती आम्हाला ते खायला घालायची. बाई विनम्रपणे दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेली.

परत आली तेव्हा तिने कामाचं सांगितलं. सगळ्यात मोठा होतो तो तिसरा, पानं जाड, गोगलगायी त्याच्या वाटेला कमी जातात. पण पुरता वाढायला पाचेक वर्षं. आणि त्याला सकाळचं ऊन लागतं. पूर्ण सावलीत ठेवलात तर पिवळा राहत नाही, हिरवट पडतो. थोडक्यात, पिवळेपणा हीच त्याची तब्येत. हिरवा पडला तर समजायचं की उपास घडतोय. मला या वयात हे एका नर्सरीत कळलं, तेही तू सांगून झाल्यावर वर्षाने.

मी तिसरा घेतला. त्याचं एक पान गोगलगायीने खाल्लेलं होतं. चांगला दिसणारा शेजारीच होता, पण रुंदी याची जास्त होती.

मग श्रीकांतशी भांडले. मागचं दार उत्तरेला आहे, तिथे ऊन येतच नाही. मी म्हटलं, पूर्वेच्या भिंतीशी लावायचा. तो म्हणाला, पण पाटीसाठी खिळे मागच्या दारापाशी मारून झालेत. मी म्हटलं, पाटीला ऊन लागत नाही. त्यामुळे आता पाटी उत्तरेला आणि तू पूर्वेला अशी व्यवस्था आहे. लोक पाटीपाशी उभं राहून फोटो काढतात आणि झाड कुठे आहे ते विचारतात.

रविवारी कार्यक्रम झाला. पन्नासएक माणसं, दोन समया, एक स्लाइड शो. त्यातल्या एका फोटोत मी तुझ्यापेक्षा मोठी दिसत होते. माझं नाव पुकारलं. मी लेखाचा अंक नेलाच नव्हता.

"तो लेख मी वाचणार नाही," मी म्हटलं. "तो खोटा आहे. हेमाला ती पानं कशाची आहेत हे पक्कं माहीत होतं. तिने ठरवून केल्या होत्या वड्या, आणि आपण सगळ्यांनी बोटं चाटून खाल्ल्या. अडाणी ती नव्हती, मी होते. आणि मला माहीत असून मी तसं लिहिलं."

मग तिसऱ्या रांगेतून पहिलं हसू आलं. मग दुसरं. "नंदाताई, तुम्ही पण ना!" कुणीतरी म्हणालं.

"मी सीरियसली सांगतेय."

त्यावर तर हॉलच फुटला. "चेहरा बघा, चेहरा! एक रेघ हलत नाही!" पुढे बसलेल्या एक काकू डोळे पुसत होत्या, हसून. श्रीकांतने येऊन माझ्या हातातला माइक हळूच घेतला. "अशा प्रसंगीसुद्धा विनोद जिवंत ठेवायचा, ही नंदाताईंची ताकद. हेमाताई जिथे असतील तिथे पोट धरून हसत असतील." टाळ्या झाल्या. भरपूर झाल्या.

नंतर मी बाहेर आले, तर सई खड्ड्यापाशी गुडघ्यांवर बसून माती दाबत होती. ती हसत नव्हती. मी शेजारी वाकले, तर वर न बघता म्हणाली, "दे डोन्ट बिलीव्ह यू."

"दिसतंय."

"यू ट्रेन्ड देम वेल, मावशी."

हे तुझं वाक्य आहे हेमा, इंग्रजीत असलं तरी. तुझ्या पोरीत तुझं पाणी आहे. तिच्याजवळ ते तोंडावर बोलायची हिंमतही आहे, ती मात्र तुझ्याकडून आलेली नाही.

म्हणून घरी येऊन हे लिहिलं. काल इथवरचं मंडळाच्या अंकासाठी श्रीकांतला पाठवलं, त्याचा लगेच फोन आला. अजून वाचलं नव्हतं.

"मस्त! कुठे टाकू? तुमच्या नेहमीच्या 'हलकंफुलकं'मध्ये?"

"नाही."

"मग श्रद्धांजलीच्या पानावर."

"तिथेही नको. शेवटच्या पानावर टाक. शुद्धिपत्रात."

तो बराच वेळ हसत होता.